कापरेकर मास्तरांची बाकी

उन्हाळा लागला की आमच्या चामोर्शी-मार्कंडा भागातल्या बाया भल्या पहाटे तेंदूपानं तोडायला निघतात. उन्हं चढली की परत यायचं आणि सावलीत बसून पुडे बांधायचे. एका पुड्यात ७० पानं. शेवटचा पुडा बांधून झाला तरी मांडीवर थोडी पानं उरतातच, ७० पेक्षा कमी. कुणी ती शेजारणीच्या ढिगात टाकते, म्हणजे तिचा पुडा पुरा होतो. शाळेत भागाकार शिकवताना ज्याला बाकी म्हणत, ती हीच. आपण पुडे मोजतो, बाकीकडे कुणी बघत नाही. पण मैत्रिणींनो, या उरल्यासुरल्या बाकीत किती गंमत दडलेली असते हे आपल्याच महाराष्ट्रातल्या एका शाळामास्तरांच्या आकड्यांकडे बघितलं की कळतं. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे त्यांचं नाव. देवळालीचे कापरेकर मास्तर.

मी कला शाखेची पदवीधर. दहावीनंतर गणित सुटलं तेव्हा सुटकाच वाटली होती. तरीही मी कापरेकरांवर लिहायला बसले आहे, कारण त्यांचं गणित कळायला बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि भागाकार एवढंच पुरतं. आणि एका बाईच्या नावावरचा डाग या बाकीनं कसा पुसला गेला, तेही मला सांगायचं आहे.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ चा, डहाणूचा. आठ वर्षांचे असतानाच आई गेली. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. पत्रिका मांडायची म्हणजे आकडेमोड आलीच. मुलगा त्यांच्याकडूनच आकड्यांशी खेळायला शिकला. ग्रहताऱ्यांचं राहिलं बाजूला, आकडे मात्र जन्मभर सोबतीला राहिले. शाळा ठाण्याला झाली. १९२३ साली ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गेले, १९२७ साली त्यांना गणितातल्या स्वतंत्र कामासाठी रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं. हे परांजपे म्हणजे सई परांजपेंचे आजोबा, केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिले आलेले पहिले भारतीय. १९२९ साली कापरेकर बी.एस्सी. झाले. पुढची मोठी पदवी त्यांनी घेतली नाही. १९३० पासून देवळालीच्या शाळेत मास्तर म्हणून लागले आणि १९६२ साली तिथूनच निवृत्त झाले. नोकरीचा हिशेब एवढाच. नाशिकजवळचं ते लष्करी छावणीचं गाव, मुलांचे वर्ग, वह्या तपासणं, आणि उरलेला सगळा वेळ आकडे.

हा माणूस आकड्यांना नावं कशी ठेवायचा बघा. ११ ला ११ ने गुणलं की १२१ येतात. १११ ला १११ ने गुणलं की १२३२१. ११११ ला ११११ ने गुणलं की १२३४३२१. पायऱ्या चढाव्यात आणि उतराव्यात तसे आकडे. या प्रकारच्या संख्यांना त्यांनी नाव दिलं डेम्लो संख्या. डेम्लो हे कुठल्या ऋषीचं नाव नव्हे, ते एका रेल्वे स्टेशनचं जुनं नाव, म्हणजे आजचं डोंबिवली. तिथे असताना ही कल्पना सुचली म्हणून स्टेशनचंच नाव दिलं. दुसऱ्या एका जातीच्या संख्यांना त्यांनी हर्षद म्हटलं, आनंद देणाऱ्या. २४ घ्या. २ आणि ४ मिळून ६, आणि ६ ने २४ ला पूर्ण भाग जातो, बाकी काही उरत नाही. झाली हर्षद संख्या. बाकी शून्य उरली म्हणून हर्ष होणारा माणूस मला तरी दुसरा ठाऊक नाही.

आता जरा पदर खोचून बसा, कारण त्यांच्या बहुतेक खेळांच्या मुळाशी असलेली एक युक्ती सांगते. ती म्हणजे ९ ने भागल्यावर उरणारी बाकी. ती काढायला भागाकार करावाच लागत नाही. दहाच्या एका नोटेतून ९ रुपये काढले तर उरतो १. शंभरच्या नोटेतून ९९ काढले तरी उरतो १, आणि ९९ ला ९ ने भाग जातोच. म्हणजे दहाची असो की शंभरची, प्रत्येक नोट ९ च्या हिशेबात एकच रुपया मागे ठेवते. मग ५२३ रुपये म्हणजे काय? शंभरच्या ५ नोटा, दहाच्या २ आणि सुटे ३. मागे उरले ५ आणि २ आणि ३, मिळून १०. त्यातून आणखी एकदा ९ काढले की १. तर ५२३ ला ९ ने भागल्यावर बाकी १. नुसते अंक मिळवायचे, झालं. आणि अंक उलटसुलट लावले, ५२३ चे २३५ केले की ३५२ केले, तरी बेरीज तीच, म्हणून बाकीही तीच. एवढं लक्षात ठेवा.

आता कापरेकरांचा सगळ्यात गाजलेला शोध, जो त्यांना १९४६ साली लागला. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. तिचे अंक मोठ्याकडून लहानाकडे लावा, मग लहानाकडून मोठ्याकडे लावा, आणि वजाबाकी करा. जे येईल त्याचं पुन्हा तेच करा. मी मास्तरांचं जन्मसालच घेतलं, १९०५. ९५१० मधून ०१५९ गेले, राहिले ९३५१. पुढे ९५३१ मधून १३५९ गेले, ८१७२. मग ८७२१ मधून १२७८ गेले, ७४४३. त्यातून ३४४७ गेले, ३९९६. मग ९९६३ मधून ३६९९, ६२६४. मग ६६४२ मधून २४६६, ४१७६. आणि शेवटी ७६४१ मधून १४६७ गेले की येतात ६१७४. आता पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येत राहणार. मी सात वजाबाक्या केल्या, आणि सात ही कमाल मर्यादा आहे. कुठल्याही संख्येला त्याहून जास्त लागत नाहीत. जगभर आज ६१७४ ला कापरेकर स्थिरांक म्हणतात. पहिल्यांदा करून बघितलं तेव्हा मला हा जादूचा खेळ वाटला होता.

पण जादू नाही हो, आणि मला तेच जास्त आवडलं. मघाशी बघितलं की अंक उलटसुलट लावले तरी ९ ची बाकी बदलत नाही. मग मोठी मांडणी आणि लहान मांडणी, दोघींची बाकी एकच. सारख्या बाकीतून सारखी बाकी गेली की काय उरणार? शून्य. म्हणून प्रत्येक वजाबाकीचं उत्तर ९ च्या पाढ्यातलंच असणार. वरची सगळी उत्तरं तपासा, ९३५१ ची बेरीज १८, ८१७२ ची १८, ३९९६ ची २७. एकही पाढ्याबाहेर पडत नाही. आणखी थोडं खोलात गेलं तर दिसतं, की उत्तर केवळ दोन फरकांवर ठरतं, सगळ्यात मोठा अंक आणि सगळ्यात लहान अंक यांच्यातला, आणि मधल्या दोन अंकांमधला. पहिला फरक ९९९ ने गुणायचा, दुसरा ९० ने, आणि दोन्ही मिळवायचे. त्यामुळे सुरुवात कुठल्याही संख्येनं करा, पहिल्या वजाबाकीनंतर फक्त ५४ उत्तरं शक्य उरतात. हजारो संख्यांचं जंगल, आणि एका वजाबाकीत ५४ झाडं शिल्लक. ती ५४ एकेक करून तपासणं दोन-तीन दुपारचं काम आहे, वही आणि पेन्सिल असली की झालं.

आता ती बचत गटाची गोष्ट. मार्कंड्याला महाशिवरात्रीची मोठी यात्रा भरते. वैनगंगेच्या काठी देवळांपासून लांबपर्यंत दुकानं लागतात. त्यात एका गटानं खाण्यापिण्याचं दुकान लावलं होतं. गटाचं नाव सांगत नाही. हिशेब ठेवणारी बाई सातवी शिकलेली, अक्षर सुरेख, पण नवरा नसलेली आणि घरची परिस्थिती बेताची. यात्रा उठली, रजिस्टरातली बेरीज आणि डब्यातली रोकड जुळवली, तर रोकड ५४० रुपयांनी कमी. रक्कम फार मोठी नाही. पण कुजबुज सुरू व्हायला ५४० रुपये खूप झाले. तिच्या घरी नुकतीच आलेली नवी साडीसुद्धा बोलण्यात आली. दोन दिवसांनी ती मला म्हणाली, ताई, मी घरून भरून टाकते, पण हे बोलणं थांबवा. भरून टाकलं असतं तर चोरी कबूल केल्यासारखंच झालं असतं.

मी ५४० चे अंक मिळवले. ५ आणि ४ आणि ०, नऊ. म्हणजे फरक नवाच्या पाढ्यातला. हिशेबनीस लोकांची जुनी खूणगाठ आहे, की फरकाला ९ ने पूर्ण भाग गेला तर आधी कुठे अंकांची अदलाबदल झाली आहे का ते बघावं. कारण तेच, अंक इकडचे तिकडे झाले तरी बाकी तीच राहते, आणि दोन रकमांमधला फरक ९ च्या पाढ्यात येतो. कापरेकरांच्या वजाबाकीत जे होतं तेच. आणि ५४० म्हणजे ९० गुणिले ६. शतक आणि दशक या दोन घरांतले अंक बदलले, तर फरक ९० च्या पटीत येतो. शेवटच्या दोन घरांत बदलले असते तर फरक ८१ च्या वर गेलाच नसता. तेव्हा मधल्या घरांत शेजारी बसलेले, ज्यांच्यात ६ चा फरक आहे असे अंक शोधायचे. ८ आणि २, ७ आणि १, ९ आणि ३, नाहीतर ६ आणि ०. आख्खं रजिस्टर पुन्हा मिळवायची गरज नाही. आम्ही दोघी बसलो. तिसऱ्या पानावर एका दिवसाची विक्री १,८२० लिहिलेली. त्या रात्री दोघीतिघींनी मिळून रोकड मोजली होती, ती चिठ्ठी रजिस्टरात खोचलेलीच होती. चिठ्ठीवर १,२८०.

इथे एक सांगायलाच हवं. बाकी ९ ची निघाली म्हणून बाई निर्दोष, असं सिद्ध होत नाही. कुणी खरोखर ५४० रुपये उचलले असते तरी अंकांची बेरीज नऊच आली असती. बाकी फक्त कुठे बघायचं ते सांगते, खरं काय ते चिठ्ठी सांगते. आणि एक उलटी गोष्टही ध्यानात ठेवा. ९ ची बाकी जुळली म्हणून बेरीज बरोबर, असंही धरून चालायचं नाही. १,२८० चे १,८२० झाले तरी दोघांची बाकी २ च येते, ती चूक या परीक्षेत कधीच सापडणार नाही. बाकी जुळली नाही तर मात्र चूक शंभर टक्के आहे. चिठ्ठी गटाच्या बैठकीत सगळ्यांसमोर ठेवली. साडीचा विषय त्यानंतर कुणी काढला नाही. रजिस्टर आजही तीच बाई लिहिते.

पुन्हा मास्तरांकडे. त्यांच्या नावाची आणखी एक संख्या आहे, कापरेकर संख्या. ४५ ला ४५ ने गुणलं की २०२५. त्याचे दोन तुकडे करा, २० आणि २५. मिळवा, पुन्हा ४५. २०२५ साल आलं तेव्हा ही गंमत कुणी ना कुणी तुम्हाला मोबाईलवर पाठवलीही असेल. तसेच ५५ चे ३०२५, आणि ३० आणि २५ पुन्हा ५५. २९७ ला स्वतःनेच गुणलं की ८८२०९, आणि ८८ आणि २०९ मिळून २९७. अशा संख्या शोधायच्या तर एकेक आकडा गुणत बसायचं का? इथेही बाकी उपयोगी पडते. २०२५ काय आणि २० अधिक २५ काय, ९ ची बाकी एकच. म्हणजे संख्या आणि तिचा वर्ग, दोघांची बाकी सारखी हवी. आता शून्यापासून आठपर्यंतच्या बाक्या स्वतःशीच गुणून बघा. २ चे होतात ४, जमलं नाही. ३ चे ९, म्हणजे बाकी शून्य, जमलं नाही. ४ चे १६, बाकी ७. असं करत गेलं तर जमतात फक्त दोनच, शून्य आणि एक. ४५ ची बाकी शून्य, ५५ ची एक, २९७ ची शून्य, ७०३ ची एक. दर नऊ संख्यांतल्या सात न गुणताच सुपातल्या कोंड्यासारख्या पाखडून टाकता येतात. उरतील त्या सगळ्या कापरेकर संख्या असतात असं नाही. पण मेहनत किती वाचते!

त्यांचा आणखी एक आवडता खेळ होता. संख्येत तिचेच अंक मिळवत जायचं. १ पासून निघालं तर १, २, ४, ८, १६, मग १६ मध्ये १ आणि ६ मिळवून २३, मग २८, ३८, ४९, ६२, ७०, ७७, ९१, १०१. ही माळ कितीही लांबवली तरी तिच्यात ३ च्या पाढ्यातला एकही आकडा येत नाही. ३ ने भागल्यावरही संख्येची आणि अंकांच्या बेरजेची बाकी एकच असते. बाकी १ असेल तर १ आणि १, दोन. बाकी २ असेल तर २ आणि २ चार, म्हणजे पुन्हा १. एक, दोन, एक, दोन, शून्याची पाळी येतच नाही. आणि काही संख्या अशा, ज्या कुठल्याच दुसऱ्या संख्येपासून अशा तऱ्हेनं तयार होत नाहीत. २० घ्या, ३१ घ्या. त्यांना आईबाप नाहीत. त्यांना त्यांनी स्वयंभू म्हटलं. आठव्या वर्षी आईला मुकलेल्या माणसाला हा विषय सुचावा, याचा मी उगाच काही अर्थ लावत नाही, पण वाचताना मनात आलं खरं.

हे सगळं बघून मोठ्या विद्वानांनी काय म्हणावं? त्यांनी नाकं मुरडली. कॉलेजातल्या बऱ्याच गणितज्ञांना हे पोरखेळ वाटले, खोल असं काही नाही म्हणून. खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. नवाची बाकी पुरातन काळापासून ठाऊक होती. तिच्यामुळे उत्तर पाढ्यातलं येणार हे कळतं, पण सगळे आकडे अखेर ६१७४ वरच येऊन थांबतात हे करून बघितल्याशिवाय कळत नाही, आणि ते करून बघणारा देवळालीचा मास्तर निघाला. विद्यापीठाची खुर्ची नव्हती, मोठी पदवी नव्हती, तरी ते गणिताच्या परिषदांना जात राहिले. ६१७४ बद्दल १९४९ साली मद्रासच्या परिषदेत त्यांनी सांगितलं. लहान लहान पुस्तिका स्वतःच छापून काढल्या. स्वयंभू संख्यांवरची पुस्तिका १९६३ सालची, देवळालीहूनच निघालेली.

एका शाळामास्तराच्या पगारात पुस्तिका छापायच्या आणि घरही चालवायचं, म्हणजे घरात कुणाला तरी काटकसर करावी लागली असणार. मी जी टिपणं वाचली त्यांत त्यांच्या पत्नीचा उल्लेख येतो तो १९६६ साली त्या वारल्या, एवढ्यापुरता. संसार केलेल्या आपण सगळ्या जणी त्या एका ओळीच्या मागचं वाचू शकतो. त्या गेल्यावर मास्तर एकटे राहिले. पेन्शन पुरेना. राहणी इतकी साधी की त्याहून साधी करता येऊ नये, तरी पुरेना. म्हणून साठी उलटल्यावर गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या घेऊन पोट भरावं लागलं. शिकवणी संपली की पुन्हा वही उघडायची.

नाव झालं ते फार उशिरा. १९७५ साली अमेरिकेतल्या मार्टिन गार्डनर या लेखकानं सायंटिफिक अमेरिकन मासिकातल्या आपल्या गणिताच्या सदरात कापरेकरांविषयी लिहिलं, आणि परदेशातले लोक देवळालीच्या या मास्तरांचे आकडे मांडून बघू लागले. तेव्हा ते सत्तर वर्षांचे होते. आपल्याकडच्यांनी बाहेरच्यांची पावती बघितल्यावरच मान द्यायचा, ही आपली जुनी खोड.

१९८६ साली कापरेकर वारले. तीन अंकी संख्येचं तेच केलं तर ४९५ वर येऊन थांबता, हे मुलांकडून करवून बघा. पाच अंकी संख्येला मात्र असा एक मुक्कामाचा आकडा नाही. तिथे आकडे ठरावीक फेऱ्यांत गोल गोल फिरत राहतात, पण नवाच्या पाढ्यातून मात्र बाहेर पडत नाहीत.